सार्वजनिक आरोग्याच्या संवर्धनात सामुदायिक परिचारिकेची भूमिका : उपकेंद्र ते उंबरठा

प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्य या संज्ञेची सर्वाधिक प्रचलित व्याख्या सी. ई. ए. विन्स्लो यांनी १९२० साली केली. समाजाच्या संघटित प्रयत्नांतून रोग टाळणे, आयुष्यमान वाढविणे व आरोग्याचे संवर्धन करणे, याचे शास्त्र आणि कला म्हणजे सार्वजनिक आरोग्य, असा तिचा आशय आहे. पुढे १९८६ साली ओटावा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने आरोग्य संवर्धनाचा अर्थ अधिक स्पष्ट केला. लोकांचे स्वतःच्या आरोग्यावरील नियंत्रण वाढावे यासाठी त्यांना समर्थ करणे म्हणजे आरोग्य संवर्धन होय. या दोन्ही विचारांचा एकत्रित अर्थ असा की, आरोग्य हे केवळ दवाखान्यात मिळणारे नसून ते घरात, स्वयंपाकघरात व दैनंदिन सवयींत घडत असते. म्हणूनच शासनाची आरोग्ययंत्रणा आणि सामान्य माणसाचे घर यांना जोडणाऱ्या दुव्याचा विचार महत्त्वाचा ठरतो. हा दुवा म्हणजे सामुदायिक परिचारिका होय.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात उपकेंद्रावर काम करणारी सहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजेच ए.एन.एम., 'आरोग्य सेविका' या पदनामाने ओळखली जाते. गावकरी तिला 'नर्सबाई' किंवा 'सिस्टर' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्या भूमिकेचे विवेचन केले आहे. जे काम केंद्रावर एका दिवसात पूर्ण होते त्यात गेल्या दोन दशकांत मोठी प्रगती झाली. परंतु जे काम घरात दररोज घडावे लागते ते मागे राहिले. हे अंतर गृहभेटीनेच कमी होऊ शकते, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रुग्णाच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याची संघटित पद्धत इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात १८५९ साली विल्यम रॅथबोन यांच्या प्रयत्नातून सुरू झाली. गरीब वस्तीत रोग्याची सेवा करीत असताना घराची स्वच्छता, हवा व आहार यांविषयी कुटुंबाला शिकविणे हाही परिचारिकेच्या कामाचा भाग मानला गेला. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. हा व्यवसाय हलका समजला जात असतानाच्या काळात प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी तो पत्करला, ही सामाजिकदृष्ट्या लहान गोष्ट नव्हती.

स्वातंत्र्यपूर्व काळातच भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्रतिबंधक व उपचारात्मक सेवा एकत्र आणून त्या प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत खेड्यापर्यंत पोहोचविण्याची शिफारस केली. १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर अशी केंद्रे उभी राहू लागली. त्या काळातील सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता व तिचे मुख्य काम माता-बाल संगोपन हे होते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने प्रत्येक रोगासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी असावेत अशी शिफारस केली. त्यानुसार परिचारिका-प्रसाविकेचे रूपांतर बहुउद्देशीय आरोग्य सेविकेत झाले आणि १९७७ साली तिचा अभ्यासक्रम अठरा महिन्यांचा करण्यात आला. कामे वाढली आणि शिक्षणाचा कालावधी मात्र घटला, ही त्यातील विसंगती होती. आज हा अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा आहे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले व गावपातळीवर 'आशा' स्वयंसेविका आली. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले आणि तीस वर्षांवरील व्यक्तींची उच्च रक्तदाब, मधुमेह व सामान्यतः आढळणारे कर्करोग यांसाठी तपासणी हे नवे काम उपकेंद्राकडे आले. या संपूर्ण इतिहासाकडे पाहता असे म्हणावे लागेल की, प्रत्येक टप्प्यावर आरोग्य सेविकेच्या कामात भर पडत गेली. जुने काम मात्र क्वचितच कमी झाले.

कार्यक्षेत्र व कामाचा व्याप

शासकीय निकषानुसार सपाट प्रदेशात ५,००० व डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येसाठी एक उपकेंद्र असते. या निकषाचा प्रत्यक्ष अर्थ समजून घेणे उद्बोधक ठरेल. साडेचार माणसांचे एक कुटुंब धरल्यास ५,००० लोकसंख्या म्हणजे सुमारे १,१०० घरे होतात. दर हजारी १५ हा जन्मदर गृहीत धरल्यास तेथे वर्षाला ७५ बालके जन्मतात. प्रत्येक गरोदर मातेच्या किमान चार तपासण्या म्हणजे वर्षाला ३०० तपासण्या झाल्या. प्रत्येक बालकाच्या जन्मतः, सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, नवव्या महिन्यात आणि पुढे दीड-दोन वर्षांच्या दरम्यान लसी द्यावयाच्या असतात. याशिवाय कुटुंबनियोजन, क्षयरोग, कुष्ठरोग व हिवताप यांचे सर्वेक्षण, किशोरवयीन मुलींचे आरोग्य, साथरोगांची सूचना, पाण्याच्या नमुन्यांकडे लक्ष आणि ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनाचे आयोजन ही कामे आहेतच. त्यांतील काही कामांत पुरुष आरोग्य सेवकाचा वाटा असतो. परंतु ते पद जेथे रिक्त असते तेथे भार तिच्यावरच येतो.

आता तिने आठवड्यातील दोन दिवस गृहभेटींना दिले व प्रत्येक दिवशी पंधरा घरे पाहिली असे मानू. या गतीने सर्व १,१०० घरांना एकदा भेट देण्यास सुमारे ३७ आठवडे, म्हणजे साडेआठ महिने लागतील. गरोदरपणाचा काळ जवळपास तेवढाच असतो. यावरून स्पष्ट होते की, सर्व घरांना सारखी भेट हा मार्ग व्यवहार्य नाही. कोणत्या घरी आधी जावयाचे व कोठे पुन्हा पुन्हा जावयाचे, याची निवड करणे हेच सामुदायिक परिचारिकेचे खरे व्यावसायिक कौशल्य होय. पहिलटकरीण, पूर्वी बाळ दगावलेली माता, कमी वजनाचे अर्भक, औषध सोडलेला क्षयरुग्ण यांची घरे तिच्या मनातील नकाशावर असावी लागतात. 'आशा' तिला या घरांची वार्ता देते. निर्णय मात्र तिने घ्यावयाचा असतो.

केंद्रावरील कामाचे यश

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ९०.३ व २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. नमुना नोंदणी पाहणीनुसार राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० होते. ते २०१८-२० मध्ये ३३ पर्यंत खाली आले. या यशाचे श्रेय एकट्या परिचारिकेचे नाही. जननी सुरक्षा योजना, रुग्णवाहिका, रस्ते, 'आशा' आणि स्त्रियांचे वाढते शिक्षण या सर्वांचा त्यात वाटा आहे. तथापि गरोदर स्त्रीची वेळेवर नोंदणी, जोखमीची लक्षणे ओळखणे आणि तिला वेळीच पुढील रुग्णालयात पाठविणे हे काम उपकेंद्रातूनच घडले.

लसीकरणाचे उदाहरण थोडे वेगळे आहे. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटीतून निघालेली लस वाडीवस्तीवर पोहोचेपर्यंत दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते. बर्फाच्या पाकिटांनी वेढलेला लसवाहक खांद्याला लावून निघणारी परिचारिका ही या शीतसाखळीची शेवटची कडी असते. कुपीवरील वर्तुळातील चौकोनाचा रंग पाहून लस वापरण्यायोग्य आहे की नाही हे तिनेच ठरवावयाचे असते. पोलिओ निर्मूलनात तर यंत्रणा केंद्रावर थांबलीच नाही. लसीकरण दिनानंतर पथके घरोघरी गेली, घरावर खडूने खूण केली आणि जेथे बालक राहून गेले तेथे पुन्हा गेली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये देशाच्या पोलिओमुक्तीवर शिक्कामोर्तब झाले. उंबरठ्यापर्यंत गेल्याखेरीज शेवटचे बालक सापडत नाही, हा या मोहिमेचा धडा आहे.

नियमित लसीकरणात हा धडा पूर्णपणे उतरलेला नाही. महाराष्ट्रात १२ ते २३ महिने वयाच्या बालकांत पूर्ण लसीकरणाचे प्रमाण चौथ्या सर्वेक्षणातील ५६.२ टक्क्यांवरून पाचव्यात ७३.५ टक्के झाले. वाढ लक्षणीय आहे. तरीही चारपैकी एक बालक अपुरे संरक्षित राहिले. पहिल्या लसीनंतर बाळाला ताप येतो, घरातील वडीलधारी मंडळी धास्तावतात आणि पुढील लस टळते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. म्हणून प्रत्येक लसीनंतर मातेला चार गोष्टी सांगाव्यात असा दंडक आहे : कोणती लस दिली व ती कशासाठी, कोणता किरकोळ त्रास होऊ शकेल व त्यावर काय करावे, पुढील तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणणे. सुई टोचण्यास काही क्षण पुरतात. या चार गोष्टी पटवून देण्यास वेळ लागतो. गर्दीच्या सत्रात प्रथम काट बसते ती याच वेळेला.

घरात घडावयाचे काम : रक्तक्षयाचे उदाहरण

मुख्य प्रतिपादनाच्या दृष्टीने रक्तक्षयाची आकडेवारी बोलकी आहे. महाराष्ट्रात गरोदर स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण चौथ्या सर्वेक्षणात ४९.३ टक्के होते, ते पाचव्यात ४५.७ टक्के आढळले. १५ ते ४९ वयोगटातील सर्व स्त्रियांचा विचार करता हे प्रमाण ४८.० वरून ५४.२ टक्के असे उलट वाढलेले दिसते. सर्वेक्षणात बोटातील रक्ताचा थेंब तपासला जातो व या पद्धतीच्या अचूकतेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्यामुळे दशांश चिन्हापुढील आकड्यांवर फार भर देऊ नये. परंतु शंभरातील पंचाण्णव प्रसूती रुग्णालयात होत असताना जवळपास निम्म्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नसावे, हा विरोधाभास पद्धतीच्या दोषाने पुसला जात नाही.

त्याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. प्रसूतीसाठी स्त्रीला एकदा रुग्णालयात न्यावे लागते. लोह व फॉलिक ॲसिडची गोळी मात्र दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज घ्यावयाची असते. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय व ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय समजला जातो. तपासणी करणे व गोळ्या देणे ही केंद्रावरची कामे आहेत. गोळी पोटात जाणे हे घरातले काम आहे. नंदुरबार वा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचाही विचार करावा लागतो, कारण प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. हा भेद ओळखून रुग्णाला योग्य ठिकाणी पाठविणेही परिचारिकेकडून अपेक्षित आहे.

गोळी पोटात का जात नाही, याचे एक उदाहरण प्रस्तुत लेखिकेस राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात पाहावयास मिळाले. दोन सकाळी एका आरोग्य सेविकेबरोबर वस्तीवर फिरण्याचा योग आला. एका घरी पाच महिन्यांची गरोदर सून होती. सेविकेने "गोळ्या घेतेस का?" असे विचारले नाही. त्याचे उत्तर 'हो' असेच येते. पाणी पिऊन झाल्यावर ती सहज म्हणाली, "गोळ्यांची पाकिटं आण बरं जरा." फडताळातून पाकिटे आली. महिन्यापूर्वी दिलेल्या तीस गोळ्यांपैकी बावीस शिल्लक होत्या. सेविका रागावली नाही. गोळी केव्हा घेतेस, एवढेच तिने विचारले. सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर, असे उत्तर आले. मग मळमळ होई. सासूचे म्हणणे होते की गोळ्या गरम पडतात व शौचास काळे होते. सेविका तिला म्हणाली, "मावशी, ते काळं लोहामुळं होतं, त्यात भ्यायचं काही नाही. चहाबरोबर दिली तर ती अंगी लागत नाही. रात्री जेवण झालं की तुम्हीच तिच्या हातावर गोळी ठेवा." ज्या व्यक्तीचा विरोध होता तिच्याकडेच जबाबदारी सोपवून ती उठली. या सर्वांस वीस मिनिटे लागली. सायंकाळी अहवालात त्याची नोंद झाली ती 'गृहभेट : १' अशी.

या प्रसंगात सामुदायिक परिचर्येची जवळजवळ सर्व तत्त्वे आढळतात. प्रश्नाऐवजी निरीक्षण, दोषारोपाऐवजी कारणाचा शोध, शास्त्रीय माहिती घरच्या भाषेत सांगणे आणि निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला सहभागी करून घेणे ही ती तत्त्वे होत. ओटावा जाहीरनाम्यातील 'समर्थ करणे' या शब्दांचा व्यवहारातील अर्थ हाच आहे. घरापर्यंत गेलेल्या सेवेचे सामर्थ्य महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तेथील नवजात मृत्युदर नियंत्रण क्षेत्राच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे देशपातळीवर 'आशा'मार्फत नवजात बालकांच्या ठरावीक दिवशी गृहभेटी सुरू झाल्या, त्यामागे या कार्याची प्रेरणा आहे.

भूमिकेतील अडथळे

१. माहेर व सासर : पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रूढी आहे. सातव्या महिन्यात स्त्री एका उपकेंद्राच्या क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाते. जिला तिची पूर्वीची प्रकृती ठाऊक असते ती परिचारिका तेथे नसते. माता-बाल संरक्षण कार्ड व संगणकीय नोंद यांमुळे माहिती पुढे जाऊ शकते; परंतु कार्ड सासरीच राहिले तर नवी परिचारिका कोऱ्या पानावर सुरुवात करते.

२. स्थलांतर : बीड व लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व गळीत हंगाम संपल्यावर परततात. फडावरील कोपीत राहणारी गरोदर स्त्री मूळ गावाच्या यादीत असते आणि मुक्कामाच्या गावाच्या यादीत नसते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी दोन्ही ठिकाणच्या परिचारिकांत थेट संपर्क असणे आवश्यक आहे.

३. नोंदींचा भार : नोंदवह्या व त्यांच्याच संगणकीय नोंदी या दुहेरी कामात दिवसाचा मोठा भाग जातो. नोंद आवश्यकच आहे, कारण तिच्याविना जोखमीची माता हरवते. परंतु वाटलेल्या गोळ्यांची संख्या नोंदली जाते व पोटात गेलेल्या गोळ्यांची नाही, तेव्हा नोंद आणि आरोग्य यांची फारकत होते.

४. निवास व सुरक्षितता : उपकेंद्राच्या जागी राहण्याची अपेक्षा असते, पण निवासस्थान नादुरुस्त, पाण्याची गैरसोय व रात्री एकटे राहण्याची भीती या गोष्टी तिला तालुक्याच्या गावी राहण्यास भाग पाडतात. संध्याकाळी शेतावरून परतणाऱ्या स्त्रिया तिला भेटतच नाहीत.

काही सूचना व महाविद्यालयांचे दायित्व

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात. गृहभेटीचे मूल्यमापन केवळ संख्येवर न करता शिल्लक गोळ्या, पुढील लसीस आलेली बालके अशा साध्या निदर्शकांवर करावे. माहेरी जाणाऱ्या गरोदर स्त्रीची माहिती एका परिचारिकेने दुसरीला प्रत्यक्ष बोलून द्यावी व तशी नोंद असावी. एकच माहिती दोनदा लिहिण्याचे काम बंद करावे. समुदाय आरोग्य अधिकारी केंद्रावर उपस्थित असतात, त्या दिवशी आरोग्य सेविकेस वस्तीवर जाण्याची निश्चित मोकळीक मिळावी.

आपल्यासारख्या अध्यापकांचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. पाचव्या सर्वेक्षणात राज्यातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळला. याच वयाच्या मुली आपल्या वर्गात बसतात. त्यांतील अनेक जणी दोन-चार वर्षांत कोणत्या ना कोणत्या उपकेंद्राच्या नोंदवहीत पहिलटकरीण म्हणून दाखल होतील आणि तेव्हा परिचारिकेच्या हाती केवळ सहा महिने उरलेले असतील. महाविद्यालयाने लगतच्या आरोग्य केंद्राच्या साहाय्याने वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासणी करणे, निकाल विद्यार्थिनीस खाजगीरीत्या कळविणे आणि ज्यांना गरज आहे त्यांचा तीन महिन्यांनी पुन्हा मागोवा घेणे अशक्य नाही. तपासणी शिबिराचे छायाचित्र वार्षिक अहवालात येते. पाठपुरावा न झाल्यास मात्र ते शिबिरही 'गृहभेट : १' याच प्रकारची नोंद ठरते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना एक दिवस आरोग्य सेविकेबरोबर फिरविले, तर समाजशास्त्र, गृहविज्ञान वा अर्थशास्त्राच्या पुस्तकांत न सापडणारे बरेच काही त्यांना उमगेल.

समारोप

सामुदायिक परिचारिकेने गेल्या सात दशकांत प्रसूती, लसीकरण, कुटुंबनियोजन, रोगसर्वेक्षण आणि अलीकडे असंसर्गजन्य रोगांची तपासणी अशी अनेक कामे पेलली आहेत. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोना प्रतिबंधक लसीकरण सुरू झाले, तेव्हाही परिचारिका या मोहिमेचा कणा ठरल्या. मोहिमेची कामे ती यशस्वी करू शकते हे वारंवार सिद्ध झाले आहे. परंतु आरोग्य संवर्धन ही मोहीम नव्हे. ती घराघरांत दररोज घडणारी, म्हणूनच नजरेत न भरणारी प्रक्रिया आहे. फडताळातील बावीस गोळ्या मोजण्यास लागणारी वीस मिनिटे आरोग्य सेविकेस मिळतील अशी व्यवस्था करणे, हीच सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने आजची खरी गरज आहे.